मोहिकन, तुरा आणि शेंडी

चि. ईशान यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल केस कापून आल्यावर तू आजीला व्हिडिओ कॉलवर सांगितलेस, की हा मोहिकन शाळेच्या नाटकासाठी ठेवला आहे; त्यावर ती म्हणाली, "मला शेंडी लावतोस होय रे?" मग तू मला विचारलेस, की मोहिकनला मराठीत शेंडी म्हणतात का. आज माझी रात्रपाळी आहे, म्हणून उत्तर लिहून ठेवते.

मोहिकन हे मुळात एका लोकसमूहाचे नाव आहे. अमेरिकेतील हडसन नदीच्या वरच्या खोऱ्यात, आजच्या ऑल्बनीच्या आसपास, हे लोक राहत. समुद्राची भरती या नदीत थेट तिथपर्यंत चढते, त्यामुळे आपल्या खाडीसारखे तिचे पाणी कधी वर, कधी खाली वाहते; 'कधीही स्थिर नसलेल्या पाण्याचे लोक' हा त्यांच्या नावाचा अर्थ त्यावरूनच आला. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या रेट्याने ते मॅसॅच्युसेट्समधील स्टॉकब्रिजला, तेथून न्यूयॉर्क राज्यात ओनायडा लोकांच्या शेजारी आणि शेवटी विस्कॉन्सिनला गेले. तेथे स्टॉकब्रिज-मन्सी या नावाने ते आजही नांदत आहेत. 1826 साली आलेल्या, त्यांच्यातल्या 'शेवटच्या' माणसाविषयीच्या कादंबरीने मात्र ते संपले असा जगाचा समज करून दिला. शिवाय त्या कादंबरीतल्या अन्कस या मोहिकन तरुणाचे नाव प्रत्यक्षात कनेक्टिकटमधील मोहेगन या वेगळ्याच लोकांच्या प्रमुखाचे होते.

आता केसांकडे वळू. इंग्लंडमध्ये ज्याला मोहिकन म्हणतात, त्यालाच अमेरिकेत मोहॉक म्हणतात, आणि मोहॉक तर मोहिकनांचे जुने वैरी! 1944 साली फ्रान्समध्ये उतरण्यापूर्वी काही अमेरिकन छत्रीधारी सैनिकांनी असे केस कापले होते. पुढे लंडनच्या पंक मुलांनी ते रंगवून ताठ उभे केले. खरे मोहॉक योद्धे बाकीचे केस उपटून टाकत आणि माथ्याच्या मागच्या भागावर तेवढा एक झुपका राखत. कपाळापासून मानेपर्यंतचा उभा पट्टा त्यांचा नव्हे.

तो झुपका कुठे राखत, ते नीट पाहा: साधारण तिथेच आपल्याकडे शेंडी असे. पेशवाईच्या काळात पुरुष पगडीखाली डोके तासून केसांचे एक वर्तुळ राखत, त्याला घेरा म्हणत. आजही मुंजीत बटूचे डोके भादरताना काही घरांत शेंडी ठेवतात. पूजेचा नारळ सोलताना टोकाशी राखतो, तीही शेंडीच. म्हणजे मोहॉकांचा झुपका आपल्या शेंडीचा जवळचा भाऊ ठरतो, आणि तुझ्या डोक्यावर जे आहे त्याला मराठीत शब्द हवाच असेल, तर कोंबड्याच्या डोक्यावरचा तुरा आठव.

राहता राहिले आजीचे बोलणे. 'शेंडी लावणे' म्हणजे थाप मारून फसवणे. त्याचा तुझ्या केसांशी काही संबंध नाही. शाळेत सध्या कुठलेही नाटक बसवत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. रविवारी तिचा फोन येईल, तेव्हा काय सांगायचे ते तू ठरव.

तुझी,
आई