माशांच्या उत्क्रांतीवर काम करायचंय? आधी हाडं ओळखायला शीक

सिंदेवाहीकडच्या एका मुलीचा प्रश्न आहे: बीएस्सी दुसरं वर्ष, विषय प्राणिशास्त्र, वडील तलावावर जाळं टाकतात, तिला माशांची उत्क्रांती अभ्यासायची आहे, घरचे म्हणतात मत्स्य विभागाची परीक्षा दे.

पोरी, परीक्षा दे, पण ते काम वेगळं. तिथे मत्स्यबीज, तलावांचे ठेके, संस्था, योजना. संशोधनाचा रस्ता म्हणजे एमएस्सी, नेट-जेआरएफ (पीएचडीसाठी मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, नेट परीक्षेतून), पीएचडी, त्यापुढेही काही वर्षं तात्पुरत्या जागांवर. जेआरएफला महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००. घरी पैसे पाठवता येतात, कायम नोकरीची खात्री मात्र कोणी देणार नाही. हे बाबांना आधीच सांगून ठेव.

आता खरी गोष्ट. हा अभ्यास एक तर दगडातून होतो. आपल्याच वरोरा तालुक्यातल्या डोंगरगावच्या लमेटा थरांत, म्हणजे डायनासोरच्या शेवटच्या काळातल्या खडकांत, सापडलेल्या माशांचं वर्णन वुडवर्ड या ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञांनी १९०८ साली केलं. त्यात ‘गार’ नावाचा मासा होता, लांब तोंडाचा, चकचकीत टणक खवल्यांचा. आज हा मासा उत्तर आणि मध्य अमेरिका अन् क्युबातच उरलाय, आणि डायनासोरच्या शेवटच्या काळात तो चंद्रपुरात पोहत होता! सिरोंच्याकडच्या कोटा थरांत त्याहून कितीतरी जुने, ज्युरासिक काळातले मासे मिळतात. पण बीएस्सीला भूशास्त्र नसेल तर एमएस्सी भूशास्त्राला बहुतेक ठिकाणी प्रवेश अडतो. प्राणिशास्त्रातूनच जीवाश्मांकडे वळायचं झालं तर पीएचडीला तसे मार्गदर्शक शोधावे लागतील.

म्हणून तुला मी जिवंत मासे सुचवीन. बोडी, म्हणजे आपलं लहान तळं, आटत आली की मरळ आणि मागूर दोघंही हवेतून श्वास घेतात. मरळीला त्यासाठी कल्ल्यांच्या वर पोकळी असते, मागुराला फाटे फुटलेला झाडासारखा अवयव. दोघांचं जवळचं नातं नाही, सोय मात्र दोघांनी आपापली केली. शिंगी मागुराच्या गोतातली, पण तिच्यात पुन्हा शेपटीकडे जाणाऱ्या लांब पिशव्या. एकाच पाण्यात इतके तोडगे का आणि कोणत्या क्रमाने आले, हा उत्क्रांतीचाच प्रश्न आहे. डीएनएची यंत्रं हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर काम करणाऱ्या संशोधन संस्थेत किंवा लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोत मिळतील, बोडीची ओळख तिथे कोणी शिकवणार नाही.

नुसता डीएनए वाचणारे आता पुष्कळ झालेत, हातात मासा घेऊन हाड सांगणारे थोडे. तेव्हा घरी मरळ आली की डोकं रश्शात घालू नको देऊस. मंद आचेवर उकळ, मऊ ब्रशने मांस काढ, हाडं सावलीत सुकव आणि डावी-उजवी जुळवून चिठ्ठ्या लाव. मागुराचंही तसंच कर. दोन्ही शेजारी ठेवून फोटो टाक, कुठलं हाड अडतंय ते लिही, मी बघतो. आणि डोंगरगावला गेलीस तर खवला खिशात घालू नकोस. जागेचा फोटो काढ अन् नागपूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळव.