शिकवते मी, पगार त्याला जास्त

प्रश्न : ताई, मी एका गेम स्टुडिओत लेव्हल डिझायनर आहे, म्हणजे गेममधले टप्पे मी आखते. जॉइन झाले तेव्हा आम्ही सहाजण होतो, एकच लांब टेबल, बिल्ड, म्हणजे गेमची चालती आवृत्ती, क्रॅश झाला की सगळे एकाच स्क्रीनभोवती गोळा. आता ऐंशी माणसं आहेत, गेममधलं एक दार दोन पिक्सेल सरकवायचं तरी तिकीट टाका, म्हणजे सिस्टिमवर लेखी विनंती. त्यात परवा कळलं, मी ज्याला काम शिकवते त्या नव्या मुलाचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. फाउंडर म्हणतात आपण फॅमिली आहोत. मागायला गेले तर कृतघ्न वाटेन का?

उत्तर : अजिबात नाही गं. तुझा राग रास्त आहे, फक्त त्या मुलावर काढू नकोस. होतं असं की जुन्यांना जुन्या पगारावर टक्के मिळतात आणि नव्यांना बाजारभावाने घ्यावं लागतं. 100 वर सुरू केलंस, दरवर्षी 8 टक्के वाढ, तर चार वर्षांनी 136 होतात, आणि तेवढ्या वेळात त्याच कामाचा भाव 170 झाला असेल तर नव्याला 170च द्यावे लागतात. म्हणून इन्क्रिमेंट मागू नकोस, बेस, म्हणजे मूळ पगारच, दुरुस्त करून माग. तुझ्या पोस्टचा पगार कुठून कुठपर्यंत जातो हे सरळ विचार, आणि जाताना तू बनवलेल्या लेव्हल्स, तू शिकवलेली माणसं, सगळं लिहून ने.

पगाराबद्दल बोलणं म्हणजे गद्दारी नव्हे. 2020 मध्ये ब्लिझर्ड या गेम कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी नावं न टाकता आपापल्या पगारांची शीट फिरवली होती, तेव्हा कुठे तफावत उघड्यावर आली. आणि फॅमिली म्हणून फुकट रात्री जागवणं, ते तर मला मुळीच पटत नाही. 2004 मध्ये ईए या गेम कंपनीतल्या एका प्रोग्रामरच्या होणाऱ्या बायकोने त्याच्या अखंड ओव्हरटाइमबद्दल निनावी पत्र लिहिलं, कोर्टकचेरी झाली आणि कंपनीने 2005 मध्ये आर्टिस्टांना 1.56 कोटी आणि 2006 मध्ये प्रोग्रामरांना 1.49 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं.

शेअर्स देऊ म्हणाले असतील तर कागद बघ, बहुतेक ठिकाणी ते चार वर्षांत हळूहळू हातात येतात आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं तर काहीच नाही. रिलीज बोनसचंही तसंच, गेम बाहेर पडायच्या आधी गेलीस तर मिळतो का, हे आत्ताच विचारून घे.

टेबलाचं दुःख मात्र त्या मीटिंगमध्ये काढू नकोस, नाहीतर पैशाचा विषय भावनेत वाहून जाईल. ऐंशी जणांत तिकीट लागतंच, नाहीतर कुणी काय बदललं ते कुणालाच कळत नाही. आणि त्या मुलालाच विचार ना, इंटरव्ह्यूत आकडा कसा सांगितलास म्हणून.