ढीग पुन्हा उपसावा लागेल

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं, तक्ता चारदा. गाईड म्हणतात तशी सरासरी काढून पेपर लिहू, की हे सगळं सोडून पुण्याची डेटाची नोकरी धरू, असं तू विचारलं आहेस. उत्तर तुझ्याच तक्त्याच्या पहिल्या रकान्यात आहे. फीडचा, म्हणजे जिगमध्ये घातलेल्या कच्च्या मालाचा ग्रेड, मँगनीजचे टक्के: २६, २८, ३०. खाणीवरचा जुन्या, हलक्या प्रतीच्या मालाचा ढीग एकच, चाचण्या तीन, आकडे तीन. तिथेच मी थबकलो.

कॉन्सन्ट्रेट, म्हणजे वेगळा काढलेला चांगला माल, तिन्ही वेळा ४० च्या आसपास; टेलिंग, म्हणजे उरलेला टाकाऊ माल, १५ च्या. आता रिकव्हरीचं, म्हणजे फीडमधलं किती टक्के मँगनीज चांगल्या मालात आलं त्याचं, सूत्र लावून बघ. २६ ला ६८ येते, २८ ला ७४, ३० ला ८०. तू लिहितेस, जिगचा, म्हणजे पाण्याच्या उसळीने जड आणि हलके कण वेगळे करणाऱ्या यंत्राचा, स्ट्रोक (उसळीची लांबी) वाढवला म्हणून रिकव्हरी १२ टक्क्यांनी वाढली. पोरी, स्ट्रोकने काही केलं की नाही हे या तक्त्यातून कळूच शकत नाही. फीडचा आकडा हलला आणि त्याने रिकव्हरीला ओढत नेलं, एवढंच दिसतंय. कॉन्सन्ट्रेट आणि टेलिंग दोन्ही वाळवून त्यांचं वजन केलं असतंस तर फीड उलटं काढून ताडता आलं असतं. वजनाचा रकानाच नाही! हे मला तू लिहावंस, याचा राग आला. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

नमुना आधी. जिग नंतर, स्ट्रोक नंतर, पेपर तर फारच नंतर.

ढिगावरून तू दोन पोती आणलीस, ८० किलो, आणि त्यात मुठीएवढी ढेकळं. १९८६ मध्ये मीही तेच केलं होतं. भंडाऱ्याकडच्या एका लहान खाणीवर जुन्या हलक्या मालाचा ढीग होता. त्यातून विकण्याजोगा ग्रेड निघेल का, एवढाच प्रश्न. पाऊस तोंडावर आला होता, जीप थांबली होती. मी ढिगाच्या पायथ्याशी उभा राहून हात पोचेल तिथला माल भरून घेतला. माल ओतला की मोठी ढेकळं गडगडत पायथ्याशी येतात आणि बारीक माल वर नि मध्ये अडकून राहतो. त्या ढिगात ढेकळं चांगली होती, बारीक माल मातकट होता. पोतं धरायला एक बाई होत्या, वर्षानुवर्षं हातवेचणीचं काम केलेल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, वरचा माल नाही घेत का?" मी म्हणालो, पुरे एवढं.

प्रयोगशाळेत छान निकाल आले. मी सही केली. माझ्या अहवालावर मालकाने कर्ज काढून जिग बसवला. पहिल्याच हंगामात ढिगाचा मधला भाग लागला आणि ग्रेड कधी जमलाच नाही. दोन वर्षांनी गेलो तेव्हा शेडचे पत्रेसुद्धा विकले गेले होते. त्या बाई कुठे गेल्या ते कोणाला सांगता आलं नाही. माझ्या हिशेबात चूक नव्हती, रासायनिक पृथक्करणात नव्हती, जिगमध्येही नव्हती. चूक त्या अर्ध्या तासात झाली होती, आणि पुढचं सगळं बिनचूक काम त्या चुकीवर रचलं होतं.

त्यानंतर मी नमुना माझ्या डोळ्यांदेखत घेतल्याशिवाय सही केली नाही. अहवाल रखडले. ज्युनिअर लोक माझ्या पुढे गेले. माझे पेपर किती ते तू मोजले असशीलच, आजकाल ते एका क्लिकवर दिसतात. ज्या तिघांनी मला अडेलतट्टू म्हटलं, त्यातल्या दोघांनी पुढे माझीच सॅम्पल शीट वापरली. हे मी इथे का लिहितोय, ते मलाच पूर्ण कळत नाही. पण मी चुकलो नव्हतो. आजही तसंच करीन.

पिएर जी यांचं नाव तू अभ्यासक्रमात ओझरतं वाचलं असशील. महायुद्ध संपल्यावर हे फ्रेंच रसायनज्ञ काँगोतल्या शिशाच्या खाणीवर गेले. १९४७ मध्ये त्यांना विचारण्यात आलं ते तुझ्याच प्रश्नासारखं: जुना हलक्या मालाचा ढीग पडलाय, त्याचा ग्रेड सांगा. एकीकडे कित्येक टनांचे धोंडे, दुसरीकडे धूळ. किती नमुना घ्यावा हे नीट सांगणारं तेव्हा काही नव्हतं. त्या अडचणीतून पुढे नमुनाशास्त्र उभं राहिलं. त्यातला एक नियम हाताशी ठेव: लागणारं वजन सर्वांत मोठ्या कणाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. इतर गोष्टी सारख्या धरल्या तर १०० मिलिमीटरच्या ढेकळांना जिथे एक टन लागतो, तिथे तोच माल १० मिलिमीटरपर्यंत भरडल्यावर एक किलो पुरतो. म्हणून आधी भरडायचं, मग वाटणी करायची, म्हणजे चाचण्यांसाठी नमुन्याचे भाग पाडायचे. तू वाटणी आधी केलीस. एका वाटणीत चार चांगली ढेकळं जास्त आली असतील. २६ आणि ३० मधला फरक म्हणजे कदाचित तेवढाच.

आता तुझं ते मॉडेल. प्लँटचा पाच वर्षांचा डेटा मिळालाय, त्यावर मशीन लर्निंग चालवू का? चालव, मी त्याच्या विरुद्ध नाही. दळण-यंत्रणेची मॉडेलं आज जगभर वापरतात, त्यातली कितीतरी ऑस्ट्रेलियात आल्बन लिंच यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या पी-नाइन प्रकल्पातून आली. ती मंडळी चालत्या प्लँटमध्ये गिरणीभोवती आणि जाड-बारीक कण वेगळे करणाऱ्या सायक्लोनभोवती नमुने घेत फिरली आणि आकडे जुळवत बसली. मॉडेल त्यानंतर झालं. तुझ्या त्या पाच वर्षांतले नमुने कोणी घेतले? बेल्टच्या कडेवरून फावड्याने घेतले, की बेल्टच्या टोकाला पडणारी पूर्ण धार एकसारख्या वेगाने कापून? रात्रपाळीत घेतले, की सकाळी अंदाजाने लिहिले? हे विचारून ये. उत्तर मिळालं नाही तर तो डेटा नाही, नुसते आकडे आहेत.

फेलोशिप मार्चमध्ये संपते हे मला माहीत आहे. घरी काय बोलतात तेही तू लिहिलंस, वाचून वाईट वाटलं. नोकरी घ्यायची तर घे, त्यात कमीपणा नाही. पण या तक्त्याची सरासरी काढून, त्यावर नाव घालून जाऊ नकोस. विदर्भात असे जुने ढीग अजून आहेत, चांगल्या मालाच्या खाणी खोल चालल्या आहेत, आणि उद्या कोणीतरी तुझा पेपर हातात धरूनच पैसा घालणार आहे. गाईडना हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

ढीग वरून खाली पूर्ण कापावा लागेल, किमान चार ठिकाणी. एक जेसीबी आणि दोन दिवस. खाणीच्या मॅनेजरशी मी बोलतो. रिफलर, नमुन्याची सारखी वाटणी करणारी पेटी, माझ्या घरी आहे, जड आहे, भावाला सोबत आण. पावसाळ्यात नको, दिवाळीनंतरच्या आठवड्यात जाऊ. मीही येईन, गुडघे दुखतात पण खुर्ची टाकून बसेन. येताना पोती नवीन घे, सिमेंटची जुनी नकोत. चिठ्ठी प्रत्येक पोत्याच्या आत एक आणि बाहेर एक. पेन्सिलीने लिही, शाई ओलीने फुटते.

तुझा,
सर