अभ्यासिकेत सेन्सर बसवावेत का?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाची इमारत दुमजली आहे. अभ्यासिका रात्री दहापर्यंत चालते. वीजबिल भरताना नाकी नऊ येतात. एका विक्रेत्याने प्रत्येक खोलीत दिवे आपोआप चालू-बंद करणारे सेन्सर सुचवलेत. घ्यावेत का?
— एक कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : कार्यवाहसाहेब, प्रत्येक खोलीत नकोत, आणि अभ्यासिकेत तर मुळीच नकोत. मी हात पोळून घेतलेत. नोकरीत असताना एका अभ्यासिकेत हौसेने पीआयआर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारे, सेन्सर लावले. त्यांना माणूस हललेला कळतो, बसलेला कळत नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं मान वर करतात कुठे? दर दहा मिनिटांनी दिवे गुल आणि सगळी मुलं हात हलवतायत! तिसऱ्या दिवशी शिपायाने तारा परस्पर जोडून सेन्सर बाद केला. त्याचं काय चुकलं?

आधी बिनपैशाचं काम करा. वाचनालयाला कुलूप लावलं की मीटरपाशी थांबा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच ३२०० सारखा आकडा छापलेला असतो. दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. समजा, मिनिटाला १६ वेळा लुकलुकला, तर तासाला ९६०, म्हणजे ३०० वॅट. बंद इमारतीत एवढी वीज खातंय कोण? बहुधा पाण्याचा कूलर, नाहीतर चालू राहिलेला संगणक. कूलर थांबून थांबून चालतो, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तोच चोर निघाला तर साधा टायमर पुरे.

सेन्सर शोभतात ते स्वच्छतागृहात, जिन्यात आणि पुस्तकांच्या कपाटांमधल्या बोळांत. तिथे माणूस येतो, जातो आणि बटण विसरतो. सेन्सरवर वेळेचा बारीक स्क्रू असतो, तो पाच मिनिटांवर ठेवा. उन्हात हलणारा पडदा समोर नको, नाहीतर दिवे उगाच लागत राहतील. आणि विक्रेत्याला विचारा, आमच्या बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आहे का? जुन्या वायरिंगमध्ये तो पुष्कळदा नसतो, मग नवी तार ओढणं सेन्सरपेक्षा महाग पडू शकतं.

पैसे उरले तर अभ्यासिकेचे पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) तिशीच्या आसपास. बारा तास चालला तर पंख्यामागे रोज अर्धा युनिट वाचतो.

रात्रीचा आकडा कळवा, पोस्टकार्डावर चालेल. मीटरच्या सीलला मात्र हात लावू नका.