वाचकांचे प्रश्न : वेटसूट किती जाड, किती घट्ट?

प्रश्न : आम्ही नवरा-बायकोनं स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स पूर्ण केला आहे. डिसेंबरात कर्नाटकातलं नेत्राणी बेट, फेब्रुवारीत इजिप्तमधलं हुरघाडा आणि पुढच्या ऑगस्टमध्ये बाली असा बेत आहे. तिन्हीकडे चालेल असा एकच वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख) मिळतो का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : एकच सूट तिन्हीकडे पुरत नाही, पण तीन सूट घेण्याचीही गरज नाही. आधी तापमान कुठलं धरायचं ते ठरवा. मोबाइलवर दिसतं ते समुद्राच्या पृष्ठभागाचं. तुम्ही पाऊण तास काढणार खाली, आणि काही ठिकाणी खाली उतरताना अचानक गार पाण्याचा थर लागतो. डायव्हर त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. बालीजवळच्या नुसा पेनिडाला जुलै ते ऑक्टोबर या काळात वर २६ अंश आणि खाली २० किंवा त्याहूनही कमी, असं घडतं. तिथला प्रसिद्ध सनफिश दिसतो तोही याच गार पाण्यामुळे. तेव्हा सूट ठरवायचा तो तळाच्या तापमानावर, आणि ते तिथल्या डाइव्ह सेंटरला विचारूनच.

दुसरं म्हणजे, सोलापूरकराचा २७ अंशांचा अंदाज हमखास चुकतो. आपल्याकडे हवेत २७ म्हणजे पंखासुद्धा नको असा दिवस. पाणी मात्र अंगातली उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं ओढून घेतं. उघड्या अंगानं, हालचाल न करता बसलो आणि गार वाटलं नाही, तर ते पाणी ३३-३५ अंशांचं असतं. २७ अंशांतही दुसऱ्या डाइव्हला हुडहुडी भरते ती यामुळेच.

साधारण हिशोब असा : २९ च्या वर पातळ लायक्रा किंवा २ मिमीचा आखूड शॉर्टी, २५ ते २९ ला अंगभर ३ मिमी, २१ ते २५ ला ५ मिमी, १६ ते २१ ला ७ मिमी आणि डोक्याला हूड. त्याखाली ड्रायसूट, म्हणजे आत पाणीच न शिरू देणारा सूट, आणि त्याचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं. अंगानं किडकिडीत असाल किंवा दिवसाला तीन-तीन डाइव्ह करणार असाल, तर एक पायरी वर जा. सूट ज्या फोमसारख्या रबराचा असतो त्या निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात आणि ऊब त्यांच्यामुळेच टिकते. १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट होतो, बुडबुडे दबतात, आणि वर ५ मिमी असलेला सूट खाली ५ मिमीचा राहत नाही.

तुमच्यासाठी आमचा सल्ला : दोघांनी प्रत्येकी एक अंगभर ५ मिमीचा सूट आणि आतून घालायचं २-३ मिमीचं हूड असलेलं बिनबाह्यांचं जॅकेट घ्या. हुरघाड्याला फेब्रुवारीत पाणी २१-२२ अंश असतं, तिथं आणि बालीला दोन्ही एकावर एक. नेत्राणीला ३ मिमी भाड्यानं घ्या, नाहीतर बोटीवरच घामाघूम व्हाल. सूट घेताना आत ते जॅकेट घालूनही माप बघा. हूड गळ्याशी फार आवळत असेल, तर घेऊ नका. मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब पडून चक्कर येऊ शकते.

प्रश्न : ऑनलाइन ‘एल’ मापाचा ३ मिमी सूट मागवला. पाठीत सारखं गार पाणी शिरतं. ५ मिमी घेतला तर थांबेल का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही थांबणार. सैल ५ मिमीपेक्षा अंगाबरोबर बसलेला ३ मिमी कधीही गरम. सूटच्या आत शिरलेलं थोडं पाणी अंगानं तापतं आणि तिथंच थांबतं, तोवर सगळं ठीक. प्रत्येक हालचालीला ते बाहेर जाऊन नवं गार पाणी आत येऊ लागलं, की जाडीचा उपयोग संपला.

पण सूट सैल आहे असं ठरवण्याआधी तो नीट चढवलाय का ते बघा. पाठीत पोकळी राहण्याचं नेहमीचं कारण खाली असतं, ते म्हणजे जांघेत दोन बोटं अंतर सोडलेलं. मग धड वर खेचलं जात नाही, खांदे ओढले जातात आणि कंबरेवर पन्हळ तयार होते. म्हणून पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाय सरकवा. घोटा, पोटरी, गुडघा, मांडी असं टप्प्याटप्प्यानं वर घ्या आणि जांघेत पूर्ण बसल्याशिवाय बाह्यांना हात लावू नका. ओढताना बोटांच्या पेरांनी धरा. नखानं धरलं, की निओप्रीनवर चंद्रकोरीसारखा काप जातो. पाठीची चेन लावताना दोन्ही कडा दुसऱ्याला जुळवून धरायला सांगा. नुसती दोरी ओढली, तर चेन फाटते.

आता तपासा. उकिडवे बसा, हात सरळ वर करा, छाती भरून श्वास घ्या. कंबरेच्या वर, काखेत आणि गळ्याशी चिमटीत धरता येईल इतकं निओप्रीन सुटं राहत असेल, तर माप चुकलं. कोरड्या अंगावर सूट थोडा जास्तच घट्ट वाटायला हवा, पाण्यात तो मोकळा होतो. ही तालीम सकाळी सातला किंवा एसीच्या खोलीत करा. मे महिन्यात दुपारी केली, तर सूट कितीही चांगला असला तरी तुम्ही तो परत कराल.

नवा घेताना ‘एल’, ‘एक्सएल’ विसरा. छाती, कंबर, नितंब, उंची आणि वजन, ही पाचही त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. उंच-सडपातळ आणि बुटक्या-रुंद माणसांसाठी वेगळी मापं बऱ्याच कंपन्या देतात. शिंप्याकडून आत घेऊन घ्यावा, असं मनात येईल. आपल्याकडे गणवेश शिवणाऱ्या कारागिरांना तोटा नाही, पण साध्या मशीनची सुई निओप्रीन आरपार भोकसते, दर टाक्यातून पाणी झिरपतं आणि न ताणणारा दोरा पहिल्याच वाकण्यात तुटतो. कडा आधी चिकटवून, सुई अर्ध्या जाडीपर्यंतच नेणारी शिवण हवी. गार पाण्याचा सूट घेतानाही हीच शिवण आहे का ते विचारा.

प्रश्न : मे महिन्यात मुलांना घेऊन तारकर्लीला पहिल्यांदाच स्कूबा करणार आहोत. सूट विकत घ्यावेत का?
– एक वाचिका, विजापूर रोड

उत्तर : मुळीच नाही. तिथं सूट मिळतो, पाणी तेव्हा कोमट असतं आणि पहिली डाइव्ह उथळ व थोडा वेळच असते. मुलं मात्र मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. त्यांना मापाचा सूट आहे का ते आधी फोनवर विचारा आणि बाहेर आल्या आल्या ओला सूट उतरवून अंग कोरडं करा. आपले सोलापुरी चाटला टॉवेल सोबत न्या, बोटीवरच्या वाऱ्यात त्यांची किंमत कळेल.

प्रश्न : ३ मिमीच्या सूटमध्ये पाण्याखाली जाण्यासाठी कंबरेला ४ किलो वजन लावतो. ७ मिमीत किती लागेल?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : समुद्रात जाड सूटला शरीराच्या वजनाच्या दहा टक्के इथून सुरुवात करतात, पण ही फक्त सुरुवात. पूर्ण तयारीनिशी पाण्यात उभे राहा, बीसीडीतली (हवा भरून तरंगायच्या जॅकेटमधली) सगळी हवा सोडा, नेहमीचा श्वास घेऊन थांबा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं आणि श्वास सोडल्यावर हळू बुडालात, तर वजन बरोबर. ही चाचणी सिलिंडरमध्ये हवेचा दाब ५० बार उरलेला असताना, म्हणजे तो जवळजवळ रिकामा असताना करायची. भरलेल्या सिलिंडरनं केली, तर वापरल्या जाणाऱ्या हवेचे म्हणून साधारण २ किलो जास्त लावा. एवढं न केल्यास वर येताना ५ मीटरवर घ्यायच्या शेवटच्या थांब्यावर हलका झालेला सिलिंडर आणि पुन्हा फुगलेलं निओप्रीन मिळून तुम्हाला वर ढकलतात.

प्रश्न : आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. वेटसूट धुवायला किती पाणी लागतं? आणि उन्हाळ्यात ठेवायचा कुठं?
– एक वाचिका, अक्कलकोट रोड

उत्तर : दोन बादल्या पुरतात. बरंचसं मीठ समुद्रकिनारीच, डाइव्ह सेंटरच्या टाकीत घालवून या. घरी पहिल्या बादलीत सूट उलटा करून वीसेक मिनिटं बुडवा, हातानं दाबा, पिळू नका. दुसऱ्या बादलीत थोडा शाम्पू, मग निथळू द्या. गरम पाणी, ब्लीच, वॉशिंग मशीन वर्ज्य. तारेचा हँगर नको, खांदे ताणले जातात. जाड दांड्यावर कंबरेत दुमडून टाका, सावलीत, आधी आतली बाजू बाहेर काढून. बादल्यांतलं पाणी खारट असतं, कुंड्यांना घालू नका.

पत्र्याखालचा माळा आणि गाडीची डिकी या दोन जागा सोलापूरच्या उन्हाळ्यात निओप्रीनला मारक. उष्णतेनं ते कडक होतं, चिरतं, गोंद सुटतो. पलंगाखाली घडी करून दाबून ठेवला, तर घडीवर कायमची पातळ रेघ पडते. पंखा असलेल्या खोलीत, कपाटात रुंद हँगरला लटकवा आणि चेनच्या दातांवर साध्या मेणबत्तीचं मेण घासून ठेवा.