राजवाड्याजवळ आईची साखळी ओढणाऱ्याला ती नक्की ओळखते म्हणते. कोर्टात एवढं पुरेल का?

नुसती खात्री पुरणार नाही. ती कशी झाली हे तपासलं जाईल. मानसशास्त्रज्ञ लॉफ्टस आणि पामर यांच्या १९७४च्या प्रयोगात अपघाताची फिल्म दाखवून, गाड्या ‘आपटल्या’ऐवजी ‘चक्काचूर झाल्या’ असं विचारताच लोकांनी वेग वाढवून सांगितला. आठवड्याने तर काहींना नसलेल्या फुटक्या काचाही आठवल्या! म्हणून ओळख परेडआधी (म्हणजे अनेकांच्या रांगेतून संशयिताला ओळखायला सांगतात, त्याआधी) आईंना कुणाचाही फोटो, मोबाइलवरचं फुटेज दाखवू नका. उजेड किती होता, चेहरा किती वेळ दिसला, शर्ट कुठला, हे आजच त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा. मी इंदुरात फौजदारी वकिली करतो; उलटतपासात ‘फोटो आधी दाखवला होता का?’ हे हमखास विचारतात. मात्र तो माणूस आधीपासून ओळखीचा असेल, तर परेडची गरज सहसा पडत नाही.