गोळी नंतर, आधी कारण

प्रिय पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. तुझ्या पेशंटला बीज फुटण्यासाठी तीन सायकल लेट्रोझोलची गोळी दिलीस, गर्भ राहिला नाही, आता क्लोमिफेन ही दुसरी गोळी देऊ की थेट हार्मोनची इंजेक्शनं? अगं, फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, 19 मिलिमीटरचं होतंय, वेळेवर फुटतंय, हे तूच लिहिलं आहेस. मग गोळी बदलून काय साधणार? गोळी नंतर, आधी कारण.

पीसीओएसमध्ये, म्हणजे बीजकोशाच्या हार्मोनच्या बिघाडात, बीज फुटत नसेल तर कोणती गोळी, हा वाद आता उरलेला नाही. 2014 साली 750 बायकांवरच्या चाचणीचे निकाल आले. लेट्रोझोलवर 27.5 टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफेनवर 19.1 टक्के. क्लोमिफेन शरीरात रेंगाळतं, गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनचं काम होऊ देत नाही. फॉलिकल छान, अस्तर पातळ, असं तूही पाहिलं असशील. इंजेक्शनांचा मान मोठा, पण पीसीओएसच्या बीजकोशाला ती जपून द्यावी लागतात. एकाऐवजी पाच फॉलिकल वाढली की जुळ्या-तिळ्यांची भीती, पोटात पाणी होण्याची भीती. उलट, बीजकोशाला हुकूम देणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथीच गप्प असेल तर गोळ्यांचा उपयोग नाही, तिथे इंजेक्शनंच हवीत. म्हणजे पुन्हा तेच, आधी कारण.

उमेदीच्या काळात एकीला मी सात महिने क्लोमिफेन दिलं, डोस वाढवत नेला. एकदा तपासताना तिने छातीशी दुमडून ठेवलेला रुमाल दिसला. ओला होता. दूध पहिल्या दिवसापासून येत होतं. तिला सांगायची लाज वाटली आणि मी विचारलं नव्हतं. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, भरमसाट वाढलेलं, त्यानेच बीज अडलेलं. ते उतरवणाऱ्या कॅबरगोलिनच्या आठवड्याला दोन गोळ्या सुरू केल्या, तिसऱ्या महिन्यात पाळी रुळावर आली. तिचे सात महिने मी घालवले.

तेव्हापासून थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि नवऱ्याची वीर्यतपासणी हातात आल्याशिवाय मी गोळी लिहीत नाही. काही जोडपी चिडून दुसरीकडे गेली. जाऊ देत. मी त्यांना आठवडाभर थांबवलं, वर्षभर नाही. यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये पेशंटचा नवरा कुठेच नाही. तिच्या गर्भनळ्या मोकळ्या आहेत का, तेही नाही. याचा राग आला मला, कारण तू हुशार आहेस. सोमवारी दोघांनाही बोलाव. रिपोर्ट आले की फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल.

तुझी,
मॅडम